तोंड धुणं आणि दात घासणं

शाळेत शिकवत होतो तेव्हा दर जून महिन्यात नव्या वर्गाला मी दोन प्रश्न विचारत असे. दात कशासाठी घासायचे? आणि कधी घासायचे? वर्ष कुठलंही असो, मुलं शहरातली असोत की खेड्यातली, उत्तरं ठरलेली असत. 'तोंडाला वास येऊ नये म्हणून' आणि 'सकाळी उठल्यावर'. क्वचित एखादा हात वर व्हायचा आणि 'रात्री झोपतानासुद्धा' असं उत्तर यायचं. मग सगळा वर्ग त्या मुलाकडे वळून पाहायचा. पाठ्यपुस्तकात 'दोन वेळा' असं छापलेलं असे आणि परीक्षेत सगळे तसं लिहीतही असत. पण घरी काय करता असं विचारलं, की उत्तर एकाच वेळेचं यायचं.

ही दोन उत्तरं मुलांनी स्वतःच्या मनानं तयार केलेली नाहीत. ती त्यांना घरातून मिळाली, घराला मागच्या पिढ्यांकडून मिळाली. त्यांचा माग काढत गेलं तर आपण फार मागे जाऊन पोचतो. आणि मग असं दिसतं की साधन बदललं, दातणाच्या जागी मंजन आलं, मंजनाच्या जागी ब्रश आला, पण वेळ आणि हेतू मात्र फारसे हलले नाहीत.

आपली भाषाच पाहा. आई मुलाला सकाळी उठवते ती 'तोंड धुऊन ये' म्हणून. त्यात दात घासणं आलंच, पण ते तोंड धुण्याचा एक भाग म्हणून. 'पारोशा तोंडानं चहा घेऊ नकोस' हे वाक्य कित्येक घरांत अजून ऐकू येतं. पारोसं म्हणजे न धुतलेलं, अशुद्ध. रात्र सरली, झोप झाली, आता नव्या दिवसाला शुद्ध होऊन सामोरं जायचं, हा त्यामागचा भाव आहे. दात टिकावेत हा विचार त्यात नाही असं नाही, पण तो मागे उभा आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांत या विषयाच्या दोन वाटा दिसतात. एक वैद्यांची आणि दुसरी धर्मशास्त्रकारांची. वैद्यांचं म्हणणं दातांच्या अंगानं जातं. सुश्रुतानं दातणाची लांबी बारा अंगुळं सांगितली, जाडी करंगळीएवढी. कडू चवीत निंब, तुरट चवीत खैर, तिखटात करंज, गोडात मोह, अशी निवडही सांगितली. चरकानं दातण करायला दिवसातून दोन वेळा सांगितल्या आहेत. वाग्भटानं तर सकाळी आणि जेवणानंतर, असं स्पष्टच म्हटलं आहे. म्हणजे 'दोन वेळा दात घासा' हे काही टूथपेस्टच्या कंपन्यांनी आपल्याला पहिल्यांदा शिकवलेलं नाही.

दुसरी वाट धर्मशास्त्राची. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या मोठ्या ग्रंथात आन्हिकाच्या, म्हणजे रोजच्या कर्मांच्या, प्रकरणात दंतधावनाचं विवेचन आहे. तिथे ते पहाटे उठणं, शौच, आचमन आणि स्नान यांच्या रांगेत येतं. म्हणजे ते स्नानाआधीचं एक शुद्धिकर्म आहे. शिवाय काही तिथींना आणि श्राद्धासारख्या दिवशी दातण करायचं नाही, त्याऐवजी बारा चुळा भरायच्या, असेही नियम आहेत. आता दात तिथी बघून किडत नाहीत. पण शुद्धीचा विचार मुख्य असला की असे नियम होतात. वैद्यांची दोन वेळांची सूचना पोथीत राहिली आणि सकाळचं शुद्धिकर्म घराघरांत रुजलं, असं मला वाटतं.

एका परदेशी माणसानं यावर फार बारकाईनं लिहून ठेवलं आहे. सातव्या शतकात इ-त्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू भारतात आला, नालंदेला राहिला. इथल्या भिक्षूंची रोजची राहणी त्यानं टिपली. दातण कसं चावावं, त्याचा कुंचला कसा करावा, मग काडीनं जीभ कशी खरवडावी, हे त्यानं आपल्या देशबांधवांसाठी लिहिलं. जेवणानंतर तोंड आणि दात स्वच्छ करण्यावर या भिक्षूंचा कटाक्ष होता, तोही त्यानं नोंदवला. विहार ही एका अर्थानं शाळाच. लहान वयाचे श्रामणेर तिथे थोरांच्या देखरेखीखाली ही सवय शिकत. दात घासण्याची सवय घराबाहेर, गटात, शिस्तीनं शिकवली जाण्याचं हे एक जुनं उदाहरण म्हणता येईल.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५ ते १९६५ या काळात, खेड्यातली मुलं परसात किंवा ओट्याच्या कडेला उकिडवं बसून दात घासत. साधन प्रदेशानुसार बदलायचं. देशावर बाभूळ आणि कडुनिंबाची काडी. कोकणात आणि गोव्यात आंब्याचं पान, मधली शीर काढून दुमडलेलं. गोवरीची राख चाळून केलेली राखुंडी तर सगळीकडे. भात पिकवणाऱ्या भागात तुसाची राख. कुठे नुसतं मीठ, कुठे कोळशाची पूड. बोट हाच ब्रश. तुसाच्या राखेत वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यामुळे तिनं दात लखलखीत व्हायचे खरे, पण वर्षानुवर्षं घासून दातांवरचं कवचही झिजायचं. पन्नाशीच्या माणसांचे दात खालपर्यंत झिजून सपाट झालेले आम्ही पाहत होतो आणि ते म्हातारपणाचं लक्षण समजत होतो.

मग ब्रश कधी आला? आज मिळतो तशा घडणीचा ब्रश मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचं श्रेय इंग्लंडच्या विल्यम अ‍ॅडिसला दिलं जातं. साधारण १७८० च्या सुमाराची गोष्ट. दांडा हाडाचा आणि केस जनावरांचे, मुख्यतः डुकराचे. हे साधन इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोघांनाही ते तोंडात घालणं जड गेलं असेल, तर त्यात नवल नाही. शिवाय ताजी काडी रोज तोडायची, वापरायची आणि फेकायची, अशी सवय असलेल्या माणसाला कालचाच उष्टा कुंचला आज पुन्हा तोंडात घालणं विचित्र वाटणारच. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि डुकराच्या केसांची अडचण संपली. पण आपल्याकडे तो सर्वसामान्य घरांत पोचायला आणखी काही दशकं जावी लागली.

मधल्या काळात मंजनाचं राज्य होतं. माकड छाप काळं दंतमंजन अनेकांना आठवत असेल. १९५२ साली केशव विष्णू पेंढारकरांनी परळमध्ये विकोचा व्यवसाय सुरू केला आणि वज्रदंती घरोघर गेलं. पुढे चित्रपटगृहात आणि दूरदर्शनवर त्याची जाहिरात ऐकत एक पिढी मोठी झाली. मंजनाची युक्ती सोपी होती. राखुंडीसारखीच पूड, घासायचं बोटानंच, फक्त ती विकत घ्यायची. सवय मोडावी लागली नाही, म्हणून मंजन चाललं.

हे सगळं घरातलं झालं. आता शाळेकडे येऊ. मुलांचे दात हा सरकारनं आणि शाळेनं लक्ष घालण्याचा विषय आहे, ही कल्पना फार जुनी नाही. ती आली साखरेच्या मागोमाग. एकोणिसाव्या शतकात युरोपात साखर स्वस्त झाली, गरिबाच्या चहात आणि मुलांच्या हातात पोचली. दात का किडतो याचं जगाच्या अनेक भागांत रूढ असलेलं एक जुनं उत्तर होतं, दातात अळी पडते. मराठीत आपण अजून 'दाताला कीड लागली' म्हणतो, तो याच समजुतीचा अवशेष. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड पाडणारी माणसं आपल्या बाजारांत, जत्रांत असत. १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं तोंडातल्या जिवाणूंवर ग्रंथ लिहिला आणि खरी प्रक्रिया समोर ठेवली. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. दात स्वच्छ ठेवण्याला यातून शास्त्राचा आधार मिळाला.

त्याआधी पाच वर्षं, १८८५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या विल्यम फिशर या दंतवैद्यानं शाळेतल्या मुलांच्या दातांकडे सक्तीनं लक्ष दिलं जावं, अशी मागणी करणारा निबंध वाचला होता. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग बोअर युद्ध आलं, १८९९ ते १९०२. सैन्यात भरती व्हायला आलेल्या ब्रिटिश तरुणांचे दात इतके खराब होते की लष्कराचा कडक पाव त्यांना चावता येईना. साम्राज्याच्या रक्षणाचा प्रश्न आल्यावर सरकार जागं झालं. १९०७ साली इंग्लंडमध्ये शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी कायद्यानं सुरू झाली आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्ये शाळकरी मुलांसाठी दातांचा दवाखाना निघाला. मुलाचा दात दुखतो हे कारण पुरेसं ठरलं नव्हतं. सैनिकाचा दात दुखतो हे पुरलं.

अमेरिकेतला प्रयोग अधिक थेट होता. कनेक्टिकट राज्यातलं ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचं गाव, वस्ती बरीचशी परदेशांतून आलेल्या कामगारांची. तिथले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांना रोज किडलेले दात भरून कंटाळा आला असावा. त्यांनी स्त्रियांना दात स्वच्छ करण्याचं आणि मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण दिलं. १९१४ पासून या प्रशिक्षित स्त्रिया गावातल्या शाळांत जाऊ लागल्या. मुलांना रांगेत उभं करून ब्रश कसा धरायचा, वरचे दात कसे, आतली बाजू कशी, याची कवायतच घेतली जाई. १९२१ मध्ये न्यूझीलंडनं शाळांसाठी दातांच्या परिचारिका तयार करायला सुरुवात केली. जपानमध्ये १९३२ साली टोकियोत लायन या मंजन तयार करणाऱ्या कंपनीनं शाळकरी मुलांचा दात घासण्याचा मोठा सामुदायिक कार्यक्रम घेतला, आणि तो परिपाठ पुढे अनेक दशकं चालत आला.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मुलांना 'दात घासा' असं नुसतं सांगितलं गेलं नाही. शाळेत, सगळ्यांबरोबर, हातात ब्रश देऊन ते करवून घेतलं गेलं.

आपल्याकडे काय झालं? भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी दंतवैद्य मूठभर आणि तेही मोठ्या शहरांत. खेड्यात दात दुखला की लवंग, आणि फारच झालं तर दात काढणं. अशा परिस्थितीत शाळेच्या हाती होती ती स्वच्छतेची तपासणी. प्रार्थनेनंतर नखं, केस, दात, कपडे. 'ई' करून दात दाखवायचे. ज्याचे पिवळे, त्यानं बाजूला उभं राहायचं.

याला सुंदर अपवादही होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात स्वच्छता हा तपासण्याचा विषय नव्हता. तो करण्याचा होता. मुलं येतील तशी यायची. मग त्यांचं तोंड धुणं, आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं यांतूनच बालवाडीचा दिवस उघडायचा. वस्तीच्या अंगणात जाऊन बालवाडी चालवायची, ही 'अंगणवाडी'ची कल्पना त्यांचीच. मुलाच्या घरी पाणी नसेल, साबण नसेल, तर त्याला रांगेत उभं करून लाजवण्यात काय अर्थ आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

ही रांग किती अन्याय करू शकते याचं एक उदाहरण मी स्वतः पाहिलं आहे. विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. पाचवीतली एक मुलगी तोंडावर हात ठेवूनच बोलत होती. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. वर्गशिक्षक म्हणाले, "कितीही सांगा, ही मुलं दात घासतच नाहीत." मी त्या वर्गातल्या इतर मुलांना हसायला सांगितलं. निम्म्यांचे दात तसेच होते. ते डाग घासून जाणारे नव्हतेच. ते पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे होते. दात हिरडीत तयार होत असताना मुलानं असं पाणी प्यायलं, की कवचावर कायमचे डाग पडतात. आपल्या देशात हा विकार १९३७ साली नेल्लोर भागात प्रथम नोंदवला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी आणि बोअरवेलमध्ये हा प्रश्न आहे. असं पाणी शुद्ध करण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनंच विकसित केली आहे. त्या मुलीला ब्रशपेक्षा वेगळ्या पाण्याची गरज होती, आणि तिला रोज मिळत होती ती बोलणी.

शाळांत ब्रश घेऊन पद्धतशीरपणे कोण पोचलं, तर ती मुख्यतः एक टूथपेस्टची कंपनी. कोलगेट भारतात १९३७ पासून आहे. १९७६ पासून तिनं दंतवैद्यांच्या संघटनेच्या मदतीनं शाळाशाळांतून दात घासण्याचे कार्यक्रम सुरू केले. प्लास्टरचा मोठा जबडा, भला मोठा ब्रश, कार्यक्रम संपल्यावर प्रत्येकाच्या हातात एक छोटी नळी. अनेक मुलांनी आयुष्यातला पहिला ब्रश असाच पाहिला. त्यात व्यापार होता, हे उघड आहे. पण ते काम दुसरं कुणी त्या प्रमाणावर करत नव्हतं, हेही तितकंच खरं. त्याच सुमारास दूरदर्शन आलं. तब्येतीसाठी बदाम खाणारा आणि दातांना मात्र कोळसा लावणारा पहिलवान जाहिरातीत दिसू लागला आणि राखुंडीची लाज वाटू लागली. आज त्याच दुकानांच्या फळ्यांवर मीठ, कोळसा, लवंग आणि कडुनिंब टूथपेस्टच्या नळीतून विकायला आलेले आपण पाहतो. आजीच्या परसातलं सगळं सामान, फक्त किंमत वेगळी.

तर ब्रश आला, पेस्ट आली. मग दात सुधारले का? दंतवैद्यक परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा बारा वर्षांच्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. कारण ब्रश आला त्याच वेळी आणखी काहीतरी आलं. बिस्किटं, गोळ्या, चॉकलेट, गोड पेयं. आमच्या लहानपणी गोड सणाला व्हायचं. जेवणात भाकरी, चावायला कष्ट पडणारी. आता गोड आणि चिकट खाणं दिवसभर चालतं. आणि इथे नुसतं किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व असतं. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या मनोरुग्णालयात १९४५ नंतर एक प्रयोग झाला. रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड देऊन दातांवरचा परिणाम तपासला गेला. माणसांवर असा प्रयोग करणं आज कुणी मान्य करणार नाही, पण निष्कर्ष स्पष्ट होता. जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा मधल्या वेळी चघळलेल्या चिकट टॉफीनं दातांचं सर्वांत जास्त नुकसान केलं.

आता आपल्या सवयीकडे पाहा. मूल दिवसभर गोड खातं, रात्री जेवतं, कधी दूध-बिस्किट खाऊन झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे तोंड धुणारी निसर्गाची सोयही मंदावते. रात्रभर जिवाणूंना मोकळं रान. आणि आपण ब्रश करतो तो सकाळी, सगळं होऊन गेल्यावर. शुद्धीसाठी ही वेळ योग्य होती. राखणीसाठी ती उशिराची आहे.

या विषयात महाराष्ट्राची म्हणून एक वेगळी काळजी आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती म्हणजे मशेरी, काही ठिकाणी तिला मिसरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावायची. नाव दात घासण्याचं, पण काम व्यसनाचं. घरातली आजी, आई लावते. भाजायला, डबी आणून द्यायला लहान मुलगी. एखाद्या दिवशी तिचाच दात दुखतो. कुणीतरी म्हणतं, चिमूटभर लाव, बरं वाटेल. दाढ बधिर होते, बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बिडीला हात लावला असता तर जिला मार बसला असता, तिला मशेरीबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण ती 'दात घासते' आहे.

याचे परिणाम दातांपुरते राहत नाहीत. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मिसरी लावणाऱ्या पुष्कळ होत्या. या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीला लागलेली 'दात घासण्याची' सवय पुढच्या पिढीच्या वजनकाट्यावर दिसते. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि शाळांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही मनाई झाली. हे चांगलंच झालं. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. तिथे पोचू शकते ती शाळेत जाणारी मुलगीच, तिला वेळेवर दुसरी सवय लागली तर.

ही दुसरी सवय शाळा लावू शकते का? लावू शकते, याचा पुरावा आता आहे. ज्या स्कॉटलंडमधून १८८५ साली पहिली मागणी झाली, तिथेच या शतकात बालवाड्यांतून रोज दात घासण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन मिनिटं. २००३ मध्ये पहिलीतल्या ४५ टक्के मुलांच्या दातांवर कीड दिसत नव्हती. २०१८ मध्ये हे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेलं. हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं, की आठव्या वर्षापर्यंत उपचारांवरची बचत कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीचपटीहून जास्त झाली होती.

कुणी म्हणेल, तो श्रीमंत देश आहे. तर फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. तिथल्या २००६ च्या पाहणीत सहा वर्षांच्या ९७ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. त्यांनी सरकारी शाळांत साधा कार्यक्रम आखला. रोज साबणानं हात धुणं, रोज दात घासणं, आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध. लांब पाइपला ओळीनं भोकं पाडून त्यांनी स्वस्तातले नळ केले, म्हणजे पन्नास मुलं एकाच वेळी उभी राहू शकतील. दंतवैद्याची वाट पाहिली नाही. वर्गशिक्षकच पुरले.

आपल्याकडे तयारी नाही असं नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमध्येच, अनुताई-ताराबाईंच्या कोसबाडपासून फार लांब नाही. त्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. शाळेत दुपारचं जेवण शिजतं. जेवणाआधी हात धुवायची रांग लागते. त्याच रांगेला जेवणानंतर दोन मिनिटं जोडायची आहेत. अडचणी आहेत, मी त्या पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात चुळा भरायला पाणी कुठून आणायचं? चाळीस ब्रश एकमेकांना न लागता ठेवायचे कसे? आणि शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक काम. पण फिलिपिन्सच्या शिक्षकांपुढेही हेच प्रश्न होते. ब्रश ठेवायला त्यांनी भिंतीवर खाचांच्या पट्ट्या ठोकल्या. पेस्ट थोडी लागते, चूळ घोटभर पाण्यात होते.

तपासणी म्हणजे सवय नव्हे. वर्षातून एकदा 'ई' करून दाखवलेल्या दातांची नोंद कागदावर होते, पण तो दात वाचतो रोजच्या दोन मिनिटांनी. मुलं एकमेकांचं पाहून जे करतात ते टिकतं. शाळेत लागलेली सवय ती घरी नेतात. शौचालयाच्या बाबतीत, हात धुण्याच्या बाबतीत आपण हे अनुभवलं आहे. आईबापांना मुलांनीच शिकवलं.

राहिली रात्रीची वेळ. ती शाळेच्या हातात नाही, ती घराची आहे. त्यासाठी परकं काही शिकायची गरज नाही. खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत, हा आपल्या घरातला जुना दंडक आहे. कितीही थकवा असो, जेवणं उरकली की ओटा पुसल्याशिवाय आणि भांडी निदान विसळल्याशिवाय दिवा मालवत नाहीत. मुलाला रात्री ब्रश हातात देताना जंतू, आम्ल, फ्लोराइड हे सगळं समजावत बसायची आवश्यकता नाही. भांड्यांसारखंच तोंडही खरकटं ठेवून झोपायचं नाही, एवढं सांगितलं तरी त्याला कळेल. आणि सांगणाऱ्यानं स्वतःचाही ब्रश हातात घेतलेला असला, तर ते टिकेलही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)